एक एकर मका पेटवला तर मिथेन किती?

दिवाळीच्या आगेमागे नाशिक, जळगाव, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातून एसटीने गेलं की रस्त्याकडेला दोन तऱ्हेचे धूर दिसतात. एक असतो उभ्या वाळलेल्या पाल्याचा. काडी लावली की भडका उडतो, कडकड आवाज होतो, धूर विरळ, आणि थोड्याच वेळात सगळ्याची राख. दुसरा असतो बांधावरच्या ढिगाचा. मळणीनंतर उरलेले कणसांचे गाभे, ओलसर सालपटं, मातीसकट उपटलेली धसकटं असं सगळं एका जागी लोटून पेटवलेलं असतं. तिथे ज्वाळ दिसतच नाही. पांढुरका जड धूर जमिनीलगत सरकत राहतो, डोळे चुरचुरतात, आणि संध्याकाळी पेटवलेला ढीग सकाळी काठीने उकरला तरी आत निखारा सापडतो.

मिथेन जास्त सुटतो तो या दुसऱ्या ढिगातून. तो का, आणि अख्ख्या देशात मिळून तो किती सुटतो याचा आकडा कुठून येतो, हे मला इथे नीट उलगडून सांगायचं आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, म्हणजे एफएओ, आपल्या आकडेवारीत प्रत्येक देशापुढे ‘मक्याचे अवशेष जाळल्याने झालेलं मिथेन’ अशी एक ओळ छापते. १९६१ पासूनची, दर वर्षाची. विद्यार्थी ती प्रकल्पात वापरतात, पत्रकार बातमीत वापरतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी शेतोशेती यंत्र घेऊन फिरलं असेल. तसं कुणी फिरलेलं नाही. तो आकडा गुणाकाराने काढलेला आहे, आणि त्या गुणाकारात काय काय गृहीत धरलंय हे कळल्याशिवाय त्यावरून शेतकऱ्याला दोषी किंवा निर्दोष ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

आधी मिथेनची ओळख. एक कार्बन आणि त्याला चिकटलेले चार हायड्रोजन, एवढाच त्याचा संसार. गोबर गॅसच्या शेगडीत निळ्या ज्योतीने जळतो तो हाच. भातखाचरातल्या चिखलातून बुडबुडे येतात ते याचे, कचरा डेपोच्या पोटात साचतो तोही हाच. रंग नाही, वास नाही. हवेत गेला की साधारण बारा वर्षं टिकतो. कार्बन डायऑक्साइडच्या मानाने हे आयुष्य फारच थोडं, पण तेवढ्या काळात तो उष्णता फार जोरात धरून ठेवतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर वजनाला वजन तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट भारी पडतो, आणि वीसच वर्षांचा धरला तर ८० पटींच्याही वर जातो. म्हणून मिथेन थोडा असला तरी त्याची वेगळी नोंद ठेवतात.

आता जळण्याकडे येऊ. ज्यांच्या घरी चूल होती त्यांना हे एका वाक्यात कळेल. ओलं लाकूड चुलीत सारलं की घर धुराने भरतं, मग आई फुंकणी घेऊन दोन फुंकर मारते, भप्पकन ज्वाळ उठते आणि धूर नाहीसा होतो. तो धूर गेला कुठे? जळून गेला. लाकूड काय, मक्याचं धांडं काय, तापलं की आधी त्यातलं पाणी उडतं, मग त्यातून वायू सुटायला लागतात आणि पेट घेतात ते मुख्यतः हे वायू. मिथेन त्यांच्यातच असतो. वर ज्वाळ असेल आणि हवा पुरेशी असेल, तर सुटलेला मिथेन तिथल्या तिथे जळून जातो आणि मागे उरतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. पण ढीग दाबून रचलेला असेल, माल ओला असेल, हवा आत शिरत नसेल, तर धग असते आणि ज्वाळ नसते. मग हे वायू न जळताच बाहेर पडतात. धुमसणं म्हणतो ते हेच. फुंकणी न मिळालेली चूल आणि बांधावरचा तो ढीग, दोघांचं दुखणं एकच.

म्हणजे तेच एक किलो धांडं कडक उन्हात, वाऱ्यावर, पसरून जळलं तर मिथेन कमी सुटतो. पहाटेच्या दवात, ढीग करून, अर्धवट ओलं जाळलं तर कितीतरी जास्त सुटतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याच जोरावर देशाचा आकडा दुप्पट होणार आहे.

एक शंका इथे हमखास येते. धांडी जळताना सगळ्यात जास्त तर कार्बन डायऑक्साइडच सुटतो, मग त्याचं काय? किलोभर वाळलं धांडं जळलं की साधारण दीड किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, शंभराला थोडा कमी म्हणजे ९२ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड, आणि मिथेन अवघा २.७ ग्रॅम. किलोपेक्षा वायू जास्त कसा, असं वाटेल, पण जळताना हवेतला ऑक्सिजन वजनात मिळतो. हवामानाच्या हिशेबात मात्र यातला दीड किलोचा कार्बन डायऑक्साइड शून्य धरतात. कारण तो मक्याने याच हंगामात हवेतून उसना घेतलेला होता. जूनमध्ये घेतला, नोव्हेंबरमध्ये परत केला, पुढच्या जूनमध्ये नवं पीक पुन्हा घेणार. उसनवारी फिटली. मिथेनचं तसं नाही. कार्बन तोच, पण परत करताना तो अशा रूपात दिला की हवेला २८ पट जड झाला. उसना आणलेला गूळ परत केला, पण त्याची दारू करून, असं समजा. म्हणून मिथेन आणि त्यासोबत थोडासा नायट्रस ऑक्साइड, एवढेच खात्यात मांडतात.

आता तो गुणाकार.

हवामानबदलावर काम करणाऱ्या आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २००६ मध्ये एक मार्गदर्शिका दिली. ज्या देशाकडे स्वतःची मोजमापं नाहीत त्याने कोणते ठोकळ आकडे वापरायचे ते तिच्यात आहे. मक्यासाठी हिशेब असा: जळालेलं क्षेत्र, गुणिले दर हेक्टरी प्रत्यक्ष जळून जाणारा वाळका माल, गुणिले दर किलोमागे सुटणारा मिथेन. मक्याला हेक्टरी १० टन माल जळतो असं धरलंय, आणि दर किलोला २.७ ग्रॅम मिथेन. १० टनांना २.७ ने गुणलं की हेक्टरी २७ किलो मिथेन. एकरी ११ किलो. घरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे एक एकर मका पेटवला तर एका सिलिंडरपेक्षा कमी वजनाचा मिथेन हवेत जातो. ऐकायला थोडा वाटतो, पण २८ ने गुणा: ३०० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइडची बरोबरी. ट्रॅक्टरमध्ये ११० ते ११५ लिटर डिझेल जाळल्यासारखं.

देशाच्या पातळीवर एकच प्रश्न उरतो: किती क्षेत्र पेटवलं? हे कुणालाच माहीत नसतं. पेरणीचा अहवाल असतो, पीकपाहणी असते, पण सातबाऱ्यावर ‘पेटवला’ असा रकाना नाही. एफएओने यावर सरळ तोडगा काढला: जेवढ्या क्षेत्रातून मका काढला, त्याच्या १० टक्के क्षेत्रावर अवशेष जळाले असं धरायचं. सगळ्या देशांना तेच १० टक्के.

भारतात मक्याखाली आज ढोबळमानाने १ कोटी हेक्टर आहे. त्याचे १० टक्के म्हणजे १० लाख हेक्टर. हेक्टरी १० टन म्हणजे १ कोटी टन माल जळाला. टनाला २.७ किलो मिथेन. उत्तर आलं २७ हजार टन, म्हणजे २७ किलोटन. एवढाच तो आकडा. शाळेतल्या पाटीवर मावतो.

आणि यातच त्याची मेखही दिसते. १९६१ मध्ये भारतात मक्याखाली ४५ लाख हेक्टरच्या आसपास क्षेत्र होतं. १० टक्के कायम, १० टन कायम, २.७ कायम. मग तेव्हापासून आजवरचा आलेख दुपटीवर गेलेला दिसणारच, कारण बदलणारी गोष्ट त्यात एकच आहे, ती म्हणजे पेरा. ‘मका जाळण्याचं प्रमाण साठ वर्षांत दुप्पट’ असा मथळा कुणी त्या आलेखावरून दिला तर तो चुकीचा ठरेल. आलेख वाढला तो मक्याच्या क्षेत्राचा. आग वाढली का घटली याबद्दल तो काहीच सांगत नाही.

हेक्टरी १० टन, हा आकडा आपला आहे का?

ज्याने मका केला आहे तो १० टन ऐकून चमकेल. भारताचं मक्याचं सरासरी उत्पन्न हेक्टरी साडेतीन टनांच्या घरात आहे, एकरी १४ क्विंटल. बागायती रानात, संकरित वाण, ठिबक, वेळेवर खत असेल तर एकरी ३० क्विंटलच्या पुढे नेणारे शेतकरी आहेतच, पण कोरडवाहू माळावर १० क्विंटलही कौतुकाने निघतो. अमेरिकेत हेक्टरी सरासरी ११ टनांच्या आसपास दाणे निघतात. मक्याचं गणित असं की जेवढे दाणे, साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त जमिनीवरचा वाळका माल. आयपीसीसीच्याच मार्गदर्शिकेत दाण्यावरून धांड्याचं वजन काढायचं एक सूत्र दिलंय. ते आपल्या साडेतीन टनांना लावलं तर हेक्टरी पावणेचार टनांच्या आसपास वाळका माल येतो. पेटवल्यावर सगळाच जळत नाही, मक्याचा साधारण ८० टक्के जळतो, बाकी काळी ठुटं म्हणून रानातच राहतात. उरले ३ टन.

१० नव्हे, ३. एका फटक्यात देशाचा आकडा २७ हजार टनांवरून ८,१०० टनांवर आला.

पण थांबा. दुसऱ्या पारड्यातही वजन पडतं. किलोला २.७ ग्रॅम हा आकडा २००१ मध्ये जगभरच्या मोजमापांतून काढलेला, आणि तो मक्याचा खास नाही, सगळ्याच पिकांच्या अवशेषांना मिळून एक. पुढे आणखी मोजमापं झाली. विमानातून धुराच्या झोतात नळी घालून, प्रयोगशाळेत धांडी जाळून, शेताच्या कडेला यंत्र मांडून. २०११ च्या एका मोठ्या संकलनात हाच आकडा ५.८ ग्रॅमच्या घरात आला, म्हणजे दुपटीहून थोडा जास्त, आणि त्यात कमीजास्तीचा पल्लाही मोठा. का? कारण शेतातली आग कधी भडकते, कधी धुमसते. फुंकणीची गोष्ट. ३ टन आणि ५.८ ग्रॅम धरले की भारताचा आकडा पुन्हा १७,४०० टनांवर चढतो.

तर ८ हजार, १७ हजार की २७ हजार? तिन्हींमध्ये ते १० टक्के मात्र आपण हातही न लावता ठेवले आहेत. आणि माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा तोच आहे.

आपल्याकडे मक्याचं धांडं ही टाकाऊ वस्तू नाही. ज्वारीच्या कडब्याइतका मान त्याला नसेल, पण दुभत्या जनावरांच्या गोठ्यात कुट्टी करून ते सर्रास जातं. हिरवं असताना कापून मुरघास करणारे तर मका दाण्यासाठी लावतच नाहीत. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी वैरणीची पेंढी मोजून विकली जाते, तेव्हा पेटवण्याची गोष्ट कुणाच्या मनातही येत नाही. पेटवलं जातं ते दुसऱ्या परिस्थितीत. कणसं मोडून नेली, मजूर मिळेना म्हणून ताटं उभीच राहिली, पाला झडला, वर एखादा अवकाळी पाऊस पडून बुरशी आली. आता जनावर तोंड लावत नाही, आणि कांद्याची रोपं लावायला रान पंधरा दिवसांत हवंय. अशा वेळी काडी ओढली जाते. ज्याच्याकडे जनावरंच नाहीत त्याच्या रानात हे जास्त होतं, आणि गोठे कमी होत चाललेत तसं वाढण्याची भीती मला वाटते.

आता थायलंडच्या उत्तरेकडचा डोंगराळ भाग पाहा. कोंबडी-डुकरांच्या खाद्यासाठी तिथल्या उतारांवर मका पसरला. उतारावर ट्रॅक्टर चालत नाही, पुढच्या पेरणीआधी रान मोकळं करायला आग हाच सोपा मार्ग. फेब्रुवारी ते एप्रिल चिआंग माई शहरावर धुराची चादर असते, आणि त्या धुरात मक्याच्या रानांचा वाटा आहे हे तिथे उघडपणे बोललं जातं. एफएओच्या गुणाकारात त्या डोंगरालाही १० टक्के आणि वैरणीसाठी धांड्याची पेंढी जपून ठेवणाऱ्या आपल्या गावालाही १० टक्के. ज्याने जाळलं त्याचा आकडा कमी दिसतो आणि ज्याने जपलं त्याच्या माथी दुसऱ्याचा धूर येतो. हे एफएओचं पाप आहे असं मी म्हणत नाही. सगळ्या देशांची एका मापाने तुलना करायची तर कुठलं तरी ठोकळ माप लागतंच, आणि हे माप ती संघटना लपवतही नाही. पण वापरणाऱ्याने ते लक्षात घ्यायला हवं.

उपग्रह हे काम करू शकत नाही का, असं विचाराल. काही प्रमाणात करतो. दिवसातून ठरावीक वेळी डोक्यावरून जाताना आगीची उष्णता टिपतो, पंजाबातल्या भाताच्या पराळीचे दररोजचे आकडे येतात ते तसेच. तिथे हजारो एकर एकदम पेटतात. आपल्या अर्ध्या एकराच्या तुकड्यात दिवेलागणीला पेटवलेला ढीग त्याच्या नजरेतून निसटतो, कारण उपग्रह दुपारी दीडच्या सुमाराला गेलेला असतो आणि त्याचा एकेक ठिपका कित्येक एकरांचा असतो. हवेतलं मिथेन मोजणारे उपग्रहही आहेत. २०१७ मध्ये युरोपने सोडलेला एक रोज जगभराचं मिथेन पाहतो, पण त्याचा ठिपका काही किलोमीटरचा. कचरा डेपोतून किंवा कोळसा खाणीतून निघणारा मोठा झोत त्याला दिसतो, मक्याचा ढीग दिसत नाही.

गाईच्या पोटातलं गणित

आता एक हिशेब मांडतो, तो मी पहिल्यांदा केला तेव्हा पुन्हा दोनदा तपासला होता.

धांडं जाळलं नाही, गाईला घातलं. चांगलंच झालं ना? मिथेनपुरतं पाहू. एक किलो वाळक्या वैरणीत साधारण १८ मेगाज्यूल ऊर्जा असते. निकृष्ट वैरण खाणाऱ्या गाईच्या बाबतीत त्यातली साडेसहा टक्के ऊर्जा मिथेन होऊन ढेकरांवाटे निघून जाते, असं आयपीसीसी धरते. किलोभर मिथेनमध्ये ५५ मेगाज्यूलच्या वर ऊर्जा असते. भागाकार केला की किलो वैरणीमागे २१ ग्रॅम मिथेन. जाळलं असतं तर २.७ ग्रॅम. धुमसत जाळलं असतं तरी पाचसहा ग्रॅम. म्हणजे गाईच्या पोटातून त्याच धांड्याचा मिथेन चार ते आठ पट निघतो!

मग जाळणंच बरं? नाही, आणि का नाही हे नीट पाहायला हवं. गाय गोठ्यात आहे ती मक्याचं धांडं आहे म्हणून नाही. तिच्या दुधावर घर चालतं म्हणून आहे. तिच्यापुढचं धांडं जाळलं तर ती उपाशी राहणार नाही, तिच्यासाठी दुसरीकडून वैरण विकत येईल, आणि ती वैरणही तेवढाच मिथेन करील. म्हणजे पोटातला मिथेन तेवढाच राहिला आणि वर आगीचा वाढला. शिवाय धांड्याच्या जागी ती वैरण कुठल्या तरी रानात, कुणाच्या तरी पाण्यावर, खतावर पिकवावी लागली. गाईने धांडं खाल्लं तर त्याचं दूध झालं, शेण झालं, ते शेण रानात गेलं. आगीतून यातलं काहीच मिळालं नाही.

मिथेनचा आकडा एकटा घेऊन निष्कर्ष काढू नये असं मी म्हणतो ते याचसाठी. आयपीसीसीने भारतीय उपखंडातल्या दुभत्या नसलेल्या गाईबैलांसाठी वर्षाला डोई २७ किलो मिथेन धरलंय. हेक्टरभर मका पेटवल्याचाही ठोकळ आकडा २७ किलोच. योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा: एक हेक्टर पेटवलं, एक बैल वर्षभर सांभाळला, मिथेनच्या वहीत दोन्ही सारखे. बैलाने मात्र त्या वर्षात औत ओढलं.

देशाच्या एकूण हिशेबात हा मक्याचा मिथेन कुठे बसतो तेही सांगतो. भारताचं सगळं मिळून मिथेन वर्षाला २ कोटी टनांच्या आसपास आहे. त्यातलं निम्म्याच्या आसपास गुराढोरांच्या पोटातलं, मग भातखाचरांचं, मग कचरा, सांडपाणी, कोळसा, तेल-वायू. मक्याच्या आगीचे सगळ्यात मोठे धरलेले २७ हजार टन त्यात हजारी दीड भागही भरत नाहीत. हवामानाला वाचवायला मक्याच्या शेतकऱ्याने आधी पुढे यावं, असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला हे प्रमाण दाखवा.

तरीही पेटवू नका असंच मी म्हणेन, पण त्याची कारणं मिथेनच्या त्या रकान्याबाहेरची आहेत.

पहिलं कारण त्या ९२ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइडचं. हवेत हायड्रॉक्सिल नावाचा एक अगदी क्षणभर जगणारा घटक सतत तयार होत असतो. मिथेनला फोडून संपवण्याचं काम मुख्यतः तोच करतो. पण कार्बन मोनॉक्साइड समोर आला की हा त्याच्यामागे लागतो आणि खर्ची पडतो. झाडणारा माणूस एकच, आणि अंगणात नवा पाचोळा आणून टाकला, मग आधीचा कचरा पडून राहतो. मक्याच्या आगीतून वजनाने मिथेनच्या तीसपटींहून जास्त मोनॉक्साइड निघतो, आणि त्यामुळे भातखाचरातला, खाणीतला, कुठलाही मिथेन हवेत थोडा जास्त काळ टिकतो. देशाच्या त्या ओळीत हे कुठेच येत नाही.

दुसरं कारण रानाचं. धांड्यात वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त नत्र असतं. जळणाऱ्या ३ टनांना ते हेक्टरी १८ किलो, एकरी ७ किलो होतं. हे बहुतेक सगळं धुरातून निघून जातं. ७ किलो नत्र म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या गोणीचा एक तृतीयांश. पालाश राखेत उरतं खरं, पण ढिगाच्या जागी साचतं किंवा वाऱ्याने बांधापलीकडे जातं. आणि सेंद्रिय कर्ब, ज्याच्या कमतरतेबद्दल आपल्याकडची प्रत्येक माती तपासणी रडगाणं गाते, तो गेला तो गेलाच.

तिसरं, लष्करी अळीचं. २०१८ मध्ये ही अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात आढळली आणि पाहता पाहता आपल्या मक्यात शिरली. ‘अळी मरते म्हणून पेटवतो’ हे मी अनेकांकडून ऐकलंय. पीक वाळलं की ती अळी धांड्यात बसत नाही. कोष करायला ती जमिनीत जाते, दोन ते आठ सेंटिमीटर खोल. वरच्या आगीची धग तिथवर फारशी पोचत नाही. नांगरट करून कोष उन्हात आणि बगळ्यांपुढे टाकणं जास्त कामाचं. खोडकिडा मात्र खरंच धांड्यात आणि धसकटात दडून राहतो. तिथे शेतकऱ्याचं म्हणणं बरोबर आहे, पण यंत्राने बारीक कुट्टी करून मातीआड केलं तरी तो संपतो.

मातीआड करताना एक काळजी घ्या. मक्याच्या धांड्यात कर्ब भरपूर आणि नत्र थोडं, म्हणून कुजवणारे जिवाणू आधी जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. ‘धांडी गाडली आणि कांदा बसला’ ही तक्रार इथूनच येते. गाडताना थोडा युरिया आणि ओल दिली, लागवडीआधी काही दिवस मोकळे ठेवले, तर हा त्रास टळतो. आणि कंपोस्ट करायचं तर ढीग हलवत राहा. पाण्याने गच्च झालेल्या, हवा न लागलेल्या ढिगात सडण्यातूनही मिथेनच होतो. आग टाळली आणि मिथेन केला, असं व्हायला नको.

यापुढे हे गणित मोठं होणार आहे. मका आजवर मुख्यतः कोंबडीखाद्यात जायचा. गेल्या काही वर्षांत तो इथेनॉलसाठीही मोठ्या प्रमाणावर उचलला जातोय, भाव धरून राहिला की पेरा वाढतो, आणि पेरा वाढला की धांडी वाढतात. हार्वेस्टर आला की ती विखुरलेली, तुडवलेली मिळतात, वैरण म्हणून गोळा करणं अवघड होतं. पंजाबात भाताचं असंच झालं. म्हणून ते १० टक्के आपल्याकडे खरोखर किती आहेत हे आत्ताच मोजून ठेवायला हवं. एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या मुलांनी एका तालुक्यात दिवाळीनंतरचे दोन महिने गावोगाव जाऊन नुसतं विचारलं, किती एकर होता, धांड्याचं काय केलं, पेटवलं तर उभं पेटवलं की ढीग करून, तरी आज कुठल्याच तक्त्यात नाही अशी माहिती हाती येईल.

आणि आपल्या रानापुरतं तर कुणालाही करता येईल. कणसं मोडल्यावर, ताटं चांगली वाळली की दोरीने एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा. त्यातली ताटं जमिनीलगत कापा, पाल्यासकट, सालपटांसकट किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. शेताच्या चार कोपऱ्यांत चारदा करून सरासरी काढा. समजा ६०० ग्रॅम भरलं. एकराचे चौरस मीटर चार हजारांच्या वर, म्हणजे रानात २४ क्विंटल वाळका माल उभा आहे. त्यातला ८० टक्के जळणार, १९ क्विंटल. किलोला २.७ ग्रॅमने मिथेन झाला ५ किलो, धुमसलं तर ११ किलो. आणि हेच २४ क्विंटल कुट्टी करून घातले, तर रोज पाच किलो वाळकी वैरण खाणाऱ्या एका म्हशीचे ४८० दिवस निघतात.